जर्मनीतून स्वित्झर्लंडला जाताना : कागदपत्रे, व्हिनेट, सीमाशुल्क, रेल्वे

ऱ्हाइनकाठ

भारतीय पासपोर्टवर जर्मनीत राहणारे आणि सुट्टीत स्वित्झर्लंडला जाणारे, यांच्यासाठी हा धागा. तेच ते प्रश्न दर उन्हाळ्यात वेगवेगळ्या ठिकाणी विचारले जातात आणि अर्धवट उत्तरे मिळतात. सगळे एका जागी असावे.

बहुतेक गोंधळ एकाच कारणाने होतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे (१२ डिसेंबर २००८ पासून), पण युरोपीय संघात नाही आणि संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रातही नाही. त्यामुळे तुम्ही स्वतः फारशी आडकाठी न होता सीमा ओलांडता. तुमचे सामान, मोबाइलचे रोमिंग आणि आरोग्य विमा मात्र आपोआप तुमच्यासोबत येत नाहीत. फ्रान्स किंवा ऑस्ट्रियाला जाऊन आलेले लोक त्याच हिशेबाने निघतात आणि फसतात ते इथेच.

आधी कागदपत्रे. जर्मनीचे वैध रेसिडेन्स परमिट (ब्ल्यू कार्ड, विद्यार्थी परवाना, फॅमिली रीयुनियन, निडरलासुंग म्हणजे कायम निवासाचा परवाना, यांपैकी कोणतेही) आणि वैध पासपोर्ट असेल तर स्वित्झर्लंडसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. जर्मनीतले दिवस यात मोजत नाहीत, फक्त इतर शेंगेन देशांतले मोजतात. जर्मनीत नुकतेच आलेले असाल आणि पासपोर्टात जर्मनीचा डी प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा असेल, परवान्याचे कार्ड अजून हाती यायचे असेल, तर त्या व्हिसाच्या मुदतीत त्यावरही जाता येते.

दोन्ही गोष्टी मूळ स्वरूपात जवळ हव्यात. नुसते कार्ड चालत नाही आणि मोबाइलमधला पासपोर्टचा फोटोही चालत नाही. ‘शेंगेन आहे, कोण बघतंय’ असे समजून पासपोर्ट घरी ठेवू नका. जर्मनीने स्विस सीमेवर ऑक्टोबर २०२३ मध्ये तपासणी सुरू केली, १६ सप्टेंबर २०२४ पासून ती सर्व भू-सीमांवर लागू झाली, आणि तेव्हापासून मुदत वाढवली जात आहे. म्हणजे जाताना कोणी विचारले नाही तरी परतताना बुंडेसपोलिझाय (जर्मनीचे संघीय पोलीस) गाडीत किंवा रेल्वेत चढून कागद मागू शकते.

आणखी एक. परवान्याच्या इलेक्ट्रॉनिक कार्डाची मुदत पासपोर्टच्या मुदतीला बांधलेली असते. निडरलासुंग कायमची असली तरी कार्ड कायमचे नसते. नवा पासपोर्ट घेतलात की नवे कार्ड करून घ्या, आणि ते येईपर्यंत जुना पासपोर्टही सोबत असू द्या.

---

तूरडाळ

उत्तम धागा. परवान्याची मुदत संपली आहे, नूतनीकरणाचा अर्ज झाला आहे आणि हातात फक्त फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग (निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला) आहे, अशा लोकांनी जावे का?

---

पायवाट

तो कागद उघडून कोणत्या चौकटीवर खूण आहे ते बघा. निवास कायद्याच्या कलम ८१ च्या परिच्छेद ४ ची चौकट (तिसरी) असेल, तर आधीचा परवाना चालूच आहे असे धरले जाते. मुदत संपलेले कार्ड आणि पासपोर्ट यांच्यासोबत हा कागद दाखवून जर्मनीत परत येता येते. परिच्छेद ३ वर खूण असेल तर सीमा ओलांडूच नका. त्या कागदावर जर्मनीत राहता येते, पण बाहेर पडल्यावर परत येण्याचा हक्क त्यात नाही.

चौथ्या परिच्छेदाच्या बाबतीतही एक सावधगिरी हवी. जर्मनी तुम्हाला परत घेईल हे ठरलेले आहे, पण स्वित्झर्लंडमध्ये प्रवेशाचा निर्णय स्विस अधिकारी घेतात. निघण्याआधी स्विस दूतावासाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. हॉटेलची रक्कम परत न मिळणारी असेल तर कार्ड येईपर्यंत थांबलेलेच बरे.

तान्ह्या बाळांबद्दलही लिहून ठेवतो. जर्मनीत जन्मलेल्या बाळालाही सीमा ओलांडायला स्वतःचा भारतीय पासपोर्ट आणि स्वतःचा निवास परवाना लागतो. जन्मदाखल्यावर भागत नाही. भारतीय वकिलातीतून पासपोर्ट, मग आउसलेंडरबेहोर्डेतून (परदेशी नागरिकांचे कार्यालय) कार्ड, या क्रमाला वेळ जातो, तो धरून बुकिंग करा. आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन जाणार असतील तर दुसऱ्या पालकाचे सहीचे संमतिपत्र आणि त्यांच्या पासपोर्टची प्रत ठेवा. एडीएसी या जर्मन वाहनचालक संघटनेचा तयार नमुना मिळतो.

---

चाकोरी

आई-वडील भारतातून जर्मनीच्या टुरिस्ट व्हिसावर येत आहेत. व्हिसावर एकच एंट्री लिहिली आहे. स्वित्झर्लंडला नेले तर ती एंट्री संपेल का?

---

पायवाट

संपणार नाही. जर्मनी ते स्वित्झर्लंड ही शेंगेनच्या आतली हालचाल आहे, बाहेर पडणे नव्हे. एंट्री संपते ती लंडन किंवा डब्लिनला गेल्यावर.

स्टिकरवर तीन गोष्टी वाचा. पहिली, ‘कुठे वैध’ या ओळीत शेंगेन देश असे लिहिलेले हवे. तिथे एकाच देशाचे नाव किंवा काही देश वगळल्याची खूण असेल तर तो मर्यादित व्हिसा आहे आणि स्वित्झर्लंडला चालेलच असे नाही. दुसरी, मुक्कामाचे दिवस. ‘पासून–पर्यंत’ तारखा आणि दिवसांची संख्या या वेगळ्या असतात. तारखांमध्ये साधारण १५ दिवसांची सूट जोडलेली असते, पण राहायचे तेवढेच दिवस जेवढे आकड्यात लिहिलेले आहेत. लोक शेवटची तारीख बघून परतीचे तिकीट काढतात आणि मुक्काम जास्त भरतो. तिसरी, एंट्रींची संख्या.

व्हिसाचा अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. दिवस सारखे असतील तर जिथे पहिले पाऊल ठेवणार तिथे. महिनाभर जर्मनी आणि चार दिवस स्वित्झर्लंड असेल तर जर्मनीचा व्हिसा बरोबर. अर्जाच्या कार्यक्रमात ते चार दिवस आधीच लिहा, लपवायचे काही कारण नाही.

विम्याचे कव्हर किमान ३०,००० युरोचे आणि सर्व शेंगेन देशांसाठी हवे, ही व्हिसाचीच अट आहे. म्हणून तो विमा स्वित्झर्लंडलाही लागू होतो. पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांचे काय म्हटले आहे ते मात्र नीट वाचा. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या ज्येष्ठांसाठी खरा प्रश्न तोच आहे.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर नवी नोंदणी प्रणाली टप्प्याटप्प्याने आली आहे. अल्प मुक्कामाला येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात आणि दिवसांची मोजणी संगणकच करतो. आई-वडिलांना फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकला उतरल्यावर हे करावे लागेल. जर्मनी–स्वित्झर्लंड सीमेवर नाही. निवास परवानाधारकांना ही नोंदणी लागू नाही, म्हणून विमानतळावर रांगेत उभे राहण्याआधी कार्ड हातात ठेवा.

---

बासेलकर

गाडीने येणाऱ्यांसाठी स्विस बाजूकडून लिहितो.

महामार्गावर व्हिनेट (महामार्ग वापरण्याचे शुल्क भरल्याचा स्टिकर) लागतेच. ४० फ्रँक, आणि वर्षाची एकच. आठवड्याची किंवा दिवसाची मिळत नाही. वैधता आदल्या वर्षाच्या १ डिसेंबरपासून पुढच्या वर्षाच्या ३१ जानेवारीपर्यंत, म्हणजे चौदा महिने. डिसेंबरात येणाऱ्यांनी नव्या वर्षाची घ्यावी, म्हणजे पुढचा उन्हाळाही त्यातच होतो.

१ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिनेट मिळते. ती नंबरप्लेटला जोडलेली असते आणि पैसे भरताच लागू होते. स्विस सीमाशुल्क खात्याच्या अधिकृत पोर्टलवरूनच घ्या. शोधयंत्रात वर दिसणारी बरीच संकेतस्थळे दलालांची असतात आणि ४० च्या जागी बरेच जास्त घेतात. किंमत फ्रँकमध्ये बरोबर ४० दिसत नसेल तर पान बंद करा. नंबर टाकताना देश जर्मनी निवडला आहे ना, आणि ओ व शून्य यांची गल्लत झाली नाही ना, हे दोनदा बघा. चुकीच्या प्लेटवरची व्हिनेट म्हणजे व्हिनेट नसल्यासारखेच.

कागदी स्टिकर घेतला तर तो काचेला आतून थेट चिकटवायचा. पुन्हा वापरता यावा म्हणून पारदर्शक फिल्मवर लावलेला, सेलोटेपने अडकवलेला किंवा डॅशबोर्डवर ठेवलेला स्टिकर ग्राह्य धरत नाहीत. दंड २०० फ्रँक, आणि वर व्हिनेटचे ४० वेगळे. गाडीमागे ट्रेलर असेल तर त्याची दुसरी व्हिनेट.

कुठे चुकते? जर्मन ए-५ वरून वाइल आम ऱ्हाइनला आलात की सरळ स्विस ए-२ लागतो. ‘फक्त बासेलपर्यंतच जायचं आहे’ म्हणणारेही त्या दोन-तीन किलोमीटरमध्ये अडकतात. व्हिनेट टाळायची असेल तर सीमेआधीच उतरून गावातल्या रस्त्याने या आणि नॅव्हिगेशनमध्ये टोल रस्ते टाळा हा पर्याय आधी सुरू करा. ट्रामने येणे त्याहून सोपे. बासेलची ८ नंबरची ट्राम वाइल आम ऱ्हाइनपर्यंत येते, गाडी तिकडेच ठेवता येते.

भाड्याच्या गाडीत व्हिनेट असेल असे गृहीत धरू नका. बासेलच्या विमानतळाचे स्विस आणि फ्रेंच असे दोन भाग आहेत, आणि फ्रेंच भागातून घेतलेल्या गाडीला सहसा व्हिनेट नसते. जर्मनीतून भाड्याने घेत असाल तर करारात स्वित्झर्लंडला नेण्याची परवानगी आहे का, हेही वाचा.

ग्रेट सेंट बर्नार्ड आणि मुंट ला शेरा या बोगद्यांचा टोल वेगळा. गॉटहार्डचा रस्त्याचा बोगदा (जवळपास १७ किलोमीटर) व्हिनेटमध्येच येतो, पण ईस्टरला आणि उन्हाळी सुट्ट्यांच्या शनिवारी तिथे कित्येक किलोमीटरची रांग लागते. त्या दिवशी सान बेर्नार्डिनोचा मार्ग बघा. गॉटहार्ड, फुर्का, सुस्टेन, ग्रिमझेल हे उंच घाट हिवाळ्यात बंद असतात. मे महिन्यातही ते उघडे असतीलच असे नाही.

---

ऱ्हाइनकाठ

म्युनिककडून येणाऱ्यांसाठी भर : ए-९६ वरून ऑस्ट्रियाच्या ब्रेगेन्झमधून जावे लागते. जर्मन सीमेपासून होहेनेम्सपर्यंतच्या ए-१४ च्या तुकड्यावर १५ डिसेंबर २०१९ पासून ऑस्ट्रियन व्हिनेट लागत नाही. होहेनेम्सला उतरून स्विस ए-१३ गाठा. उतरायचे चुकले आणि पुढे फेल्डकिर्शकडे गेलात तर ऑस्ट्रियाची व्हिनेट लागेल. या मार्गाने जाताना तीन देशांच्या तपासण्या होऊ शकतात, म्हणून पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत ठेवू नका.

---

चाकोरी

वेगमर्यादा आणि दंड?

---

बासेलकर

गावात ५०, गावाबाहेर ८०, ऑटोश्ट्रासेवर (फक्त मोटारींचा जलद रस्ता) १००, ऑटोबानवर (महामार्ग) १२०. हिरव्या पाटीवर मोटारीचे चित्र आणि मध्ये दुभाजक नसलेला रस्ता असेल तर तो बहुधा १०० चा असतो, जर्मनीची सवय तिथे महागात पडते.

जागेवरच्या दंडाचे दर (फ्रँकमध्ये) :

गावात : १ ते ५ किमी जास्त असेल तर ४०, ६ ते १० ला १२०, ११ ते १५ ला २५०.
गावाबाहेर : ४०, १००, १६०, आणि १६ ते २० ला २४०.
ऑटोबानवर : २०, ६०, १२०, १८०, आणि २१ ते २५ ला २६०.

यंत्राची सूट वजा करून उरलेला वेग यात धरतात. याच्या वर गेलात तर प्रकरण दंडाच्या पावतीवर मिटत नाही, फौजदारी चौकशी होते आणि रक्कम उत्पन्नाच्या हिशेबाने ठरू शकते. ५० च्या भागात ५० किमी जास्त, म्हणजे १०० ने गेलात, तर कायद्याच्या भाषेत तो ‘राझर’ (बेफाम वेगाचा) गुन्हा, त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे.

‘स्विस दंड जर्मनीत वसूल होत नाही’ हा सल्ला जुना झाला. दोन्ही देशांतल्या पोलीस सहकार्याच्या करारानुसार मे २०२४ पासून ८० फ्रँक (जर्मनीकडून ७० युरो) व त्यावरचा वाहतूक दंड दुसऱ्या देशात वसूल करता येतो. पत्र आले की ३० दिवसांत भरून टाका. मुदत गेली की प्रक्रियेचा खर्च दंडापेक्षा जास्त होतो. गाडी भाड्याची असेल तर कंपनी तुमचा पत्ता देण्याचे वेगळे शुल्क लावते.

स्पीड कॅमेऱ्याची सूचना देणारे अॅप किंवा नॅव्हिगेशनमधली ती सोय स्वित्झर्लंडमध्ये बेकायदा आहे. सीमेआधी बंद करा. दिवसाही दिवे लावलेले हवेत. धोक्याचा त्रिकोण हाताशी हवा, सामानाच्या खाली नको. बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट.

डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे, उतरणाऱ्याने थांबायचे. निळ्या पाटीवर पिवळे पोस्टाचे शिंग दिसले तर तो पोस्टबसचा मार्ग आहे. तिथे पिवळ्या बसचा चालक सांगेल तसे मागे-पुढे घ्यावे लागते. आपल्याकडच्या घाटातल्या एसटीसारखा तिचाही भोंगा वळणाआधी ऐकू येतो, तो ऐकला की वळणापूर्वीच थांबा. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा.

पार्किंग : पांढऱ्या रेघा म्हणजे बहुतेक ठिकाणी पैसे भरून, पिवळ्या म्हणजे खासगी, निळ्या म्हणजे डिस्क लावून फुकट. निळ्या पट्ट्यात सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६ एक तास मिळतो. डिस्कचा बाण आल्याच्या वेळेनंतरच्या पुढच्या अर्ध्या तासाच्या रेघेवर ठेवायचा. १०:१० ला आलात तर १०:३० वर, मग ११:३० पर्यंत वेळ. सकाळी साडेअकरा ते दुपारी दीडच्या आत आलात तर अडीचपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर आलात तर दुसऱ्या दिवशी ९ वाजेपर्यंत. जर्मनीची निळी डिस्क चालते.

---

तूरडाळ

झुरिकला मराठी ओळखीचे खूप आहेत, आणि जर्मनीतून येणारा प्रत्येक जण डाळ-तांदूळ, तेल, तूप घेऊन येतो. किती नेता येते?

---

ऱ्हाइनकाठ

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा विस्ताराने.

दोन वेगळे हिशेब असतात. एक किमतीचा, एक वजनाचा. किमतीची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून माणशी १५० फ्रँक आहे (आधी ३०० होती). ती ओलांडली तर फक्त वरच्या भागावर नव्हे, त्या माणसाच्या सगळ्या मालावर स्विस व्हॅट लागतो. साधारण दर ८.१ टक्के, खाद्यपदार्थांचा २.६ टक्के. डाळ, तांदूळ, पीठ, मसाले, पापड यांना वजनाची मर्यादा नाही, ते फक्त किमतीत धरतात.

वजनाचे शुल्क ज्याला लागते ते वेगळे. माणशी रोज मांस १ किलो, लोणी व साय मिळून १ किलो किंवा लिटर, तेल-मार्जरिन-इतर स्निग्ध पदार्थ ५ किलो किंवा लिटर. दारू १८ टक्क्यांपर्यंतची ५ लिटर आणि त्यावरची १ लिटर (वय १७ पूर्ण), सिगारेटी २५०. मांस जास्त झाले तर किलोमागे १७ फ्रँकचा दर लागतो, म्हणजे जर्मनीत स्वस्त मिळाले म्हणून पाच किलो चिकन नेण्यात काही अर्थ नाही. तूप लोण्याच्या गटात धरून चाला. शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा डबा माणशी एक बसतो. दूध, दही, पनीर, चीज यांना वजनाची मर्यादा नाही.

मर्यादा ओलांडत असेल तर सीमेआधी क्विकझोल हे सरकारी अॅप उघडून माल नोंदवा आणि पैसे भरा. कोणत्याही रस्त्याने जाता येते, थांबावे लागत नाही. न नोंदवता सापडलात तर कर द्यावा लागतोच, वर दंड.

यात एक गोष्ट वेगळी काढून लिहितो. वरचे सगळे जर्मनीत विकत घेतलेल्या मालाबद्दल आहे. भारतातून विमानाने आणलेले तूप, पेढे, खव्याची बर्फी, श्रीखंड, सुकी मासळी सोडून इतर मांस, हे जर्मनीतही आणता येत नाही आणि स्वित्झर्लंडमध्येही नाही. युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंड दोघेही बाहेरच्या देशांतून प्रवाशांच्या सामानातले मांस व दुग्धजन्य पदार्थ बंद ठेवतात, किती थोडे आहे याला महत्त्व नाही. तीच गत ताज्या फळांची आणि पानांची. हापूसची पेटी किंवा कढीपत्त्याची जुडी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाही. अपवाद केळी, अननस, नारळ, खजूर, ड्युरियन एवढेच. आई-वडिलांना बॅग भरण्याआधीच सांगा. विमानतळावर त्यांच्या हातून पेढ्यांचा डबा काढून घेतलेला बघणे फार वाईट असते. चितळ्यांची बाकरवडी, चिवडा, शंकरपाळी यांसारखा कोरडा, दुधाचा खवा नसलेला फराळ आणा. हळद, गोडा मसाला, कोकम, सुकी डाळ हेही ठीक.

---

पायवाट

परतीची बाजूही तितकीच कडक आहे. स्वित्झर्लंडहून जर्मनीत येणे म्हणजे संघाबाहेरून येणे. रस्त्याने किंवा रेल्वेने माणशी ३०० युरो, विमानाने ४३०, पंधरा वर्षांखालच्या मुलांना १७५. एकाच वस्तूची किंमत दोघांत वाटता येत नाही. ४५० युरोचे घड्याळ नवरा-बायको मिळून आणत आहेत असे म्हणून चालत नाही, ते जाहीर करावेच लागते. चॉकलेट-चीजने ही मर्यादा सहसा ओलांडत नाही.

मोठी खरेदी असेल तर स्विस व्हॅट परत मिळतो : एका दुकानातून ३०० फ्रँकच्या वरची खरेदी, दुकानाचा फॉर्म, पासपोर्ट आणि निवासाचा पुरावा, आणि माल बाहेर नेताना स्विस कस्टम्सचा शिक्का. शिक्का घ्यायला कर्मचारी असलेल्या नाक्यावरूनच बाहेर पडा. लहान नाक्यांवर कोणीच नसते. आणि लक्षात ठेवा, तिकडे परतावा मागितलात की इकडे जर्मनीत वस्तू जाहीर करायची आहेच.

१०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोकड असेल तर जर्मनीतून जाताना आणि येताना दोन्ही वेळा लेखी घोषणा. लग्नकार्यासाठी दागिने नेणाऱ्यांनी घरून निघण्याआधी अंगावरच्या दागिन्यांचे फोटो आणि असतील तर पावत्या मोबाइलमध्ये ठेवाव्यात, म्हणजे परतताना ते स्वित्झर्लंडमध्ये विकत घेतलेले नाहीत हे दाखवता येते.

---

शब्दवेल्हाळ

आरोग्य कार्डामागचे निळे युरोपियन कार्ड स्वित्झर्लंडला चालते असे सगळीकडे लिहिलेले आहे. मग वेगळा विमा कशाला?

---

पायवाट

ते युरोपीय नागरिकांसाठी लिहिलेले असते. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना ते कार्ड स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन इथे सर्वसाधारणपणे वापरता येत नाही. म्हणजे टेके किंवा एओके या जर्मन आरोग्य विमा संस्थांचे सदस्य असलात तरी भारतीय पासपोर्ट असेल तर त्यावर विसंबू नका. शिवाय चालले असते तरी डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च आणि जर्मनीत परत आणण्याचा खर्च त्यात नसतो.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे : जर्मनीत मिळणारा वर्षाचा परदेश-प्रवास आरोग्य विमा, आउसलांड्सरायझेक्रांकनफरझिखरुंग. पॉलिसीत तीन शब्द शोधा : शोध-बचाव, हेलिकॉप्टर, मायदेशी परत आणणे. हिवाळी खेळ करणार असाल तर तेही वगळलेले नाहीत ना, ते बघा.

आणीबाणीला ११२ चालतो. थेट क्रमांक : पोलीस ११७, अग्निशमन ११८, रुग्णवाहिका १४४, रेगा हवाई बचाव १४१४.

---

बासेलकर

मोबाइल : युरोपीय संघाचा मोफत रोमिंगचा नियम इथे लागू नाही. काही जर्मन कंपन्या स्वित्झर्लंड योजनेत धरतात, स्वस्त सिमवाल्या बऱ्याच धरत नाहीत. करारात ‘श्वाइत्स’ (स्वित्झर्लंडचे जर्मन नाव) हा शब्द शोधा. नसेल तर सीमेआधी डेटा रोमिंग बंद. कोन्स्टान्झ, ल्योराख, वाल्डशूट इथे जर्मन बाजूला बसूनही फोन स्विस टॉवर पकडतो, तिथे नेटवर्क हाताने निवडा. नकाशे आधीच उतरवून ठेवा.

पैसे : कार्ड जवळजवळ सगळीकडे चालते. यंत्राने ‘युरोत की फ्रँकमध्ये’ विचारले तर फ्रँकच निवडा, युरो निवडलात तर दुकानाचा वाईट दर लागतो. रोख युरो बऱ्याच ठिकाणी घेतात पण सुटे फ्रँकमध्ये देतात.

प्लग : जर्मनीचा जाड गोल शुको प्लग स्विस सॉकेटात बसत नाही. चपटा दोन पिनांचा बसतो. लॅपटॉपसाठी अॅडॉप्टर न्या, हॉटेलात संपलेले असतात. रविवारी दुकाने बंद, मोठ्या स्टेशनांतली आणि विमानतळावरची उघडी. सार्वजनिक कारंज्यांचे पाणी पिण्यायोग्य असते, जिथे नसते तिथे तशी पाटी असते.

---

तूरडाळ

रेल्वेने जायचे तर डॉइचलांडटिकेट (जर्मनीतल्या प्रादेशिक गाड्यांचा महिन्याचा पास) कुठपर्यंत चालते?

---

ऱ्हाइनकाठ

बासेल बाडिशर बानहोफपर्यंत. हे स्टेशन स्विस भूमीवर आहे पण जर्मन रेल्वेचे आहे. तिथून बासेल एसबीबीला (स्विस रेल्वेचे स्टेशन) जायला वेगळे स्विस तिकीट हवे. २ नंबरची ट्राम दोन्ही स्टेशनांना जोडते. हे तिकीट न काढता पुढे बसून राहणारे रोज सापडतात, आणि विनातिकिटाचा भुर्दंड १०० फ्रँकच्या आसपास असतो.

ऱ्हाइन धबधबा बघायचा असेल तर बासेल–वाल्डशूट–शाफहाउझेन–झिंगेन या जर्मन प्रादेशिक गाड्यांतही डॉइचलांडटिकेट चालते. नॉयहाउझेन बाडिशर बानहोफला उतरा, धबधबा चालत जाण्याइतका जवळ आहे. एका दिवसाच्या सहलीला यापेक्षा स्वस्त पर्याय नाही. वाटेत देश बदलत राहतो, तेव्हा पासपोर्ट याही दिवशी खिशात.

फ्रँकफुर्टकडून झुरिक किंवा इंटरलाकेनला थेट आयसीई (जर्मन वेगवान गाड्या) आहेत, पण उशीर झालेली गाडी स्विस रेल्वे बासेलच्या पुढे जाऊ देत नाही, प्रवाशांना उतरून पुढची स्विस गाडी घ्यावी लागते. सलग तिकीट एकच असेल तर ते पुढच्या गाडीत चालते. जर्मन आणि स्विस तिकिटे वेगवेगळी काढली असतील आणि स्विस तिकीट ठरावीक गाडीचे असेल तर ते वाया जाते. म्हणून त्या दिवशी डोंगरावरच्या रेल्वेचे आरक्षण ठेवू नका.

---

बासेलकर

पासांचा हिशेब असा करा. आधी स्विस रेल्वेच्या (एसबीबी) अॅपमध्ये सगळ्या प्रवासांची पूर्ण तिकिटे टाकून बेरीज करा. ती बेरीज महिन्याच्या हाफ फेअर कार्डाच्या (अर्ध्या दरात तिकिटे देणारे कार्ड) किमतीच्या दुपटीहून जास्त असेल तर हाफ फेअर परवडते. एकाच दिवशी लांबचा पल्ला असेल तर स्पारटागेसकार्टे (सवलतीचा दिवसभराचा पास) बघा. लवकर घेतली तर ५२ फ्रँकपासून, हाफ फेअर असेल तर २९ पासून, आणि तारीख जवळ येईल तशी महाग होते. रोज भटकायचे असेल आणि हिशेब नकोसा वाटत असेल तरच स्विस ट्रॅव्हल पास. तो स्वित्झर्लंडबाहेर राहणाऱ्यांनाच मिळतो.

या पासावर रिगी, श्टांझरहॉर्न, श्टोस पूर्ण मोफत. टिटलिसला अर्धी सूट. युंगफ्राउयोखला ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनच्या पुढे फक्त २५ टक्के, तिथे हाफ फेअर कार्डच जास्त वाचवते. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पासासोबत मोफत फॅमिली कार्ड मागून घ्या, मग सोळा वर्षांखालची मुले आई-वडिलांबरोबर फुकट.

मोबाइल तिकीट गाडी सुटण्याआधी काढलेले हवे. डब्यात बसून तपासनीस दिसल्यावर काढलेले तिकीट चालत नाही. त्यावरची वेळ तो बघतो.

हॉटेल देत असलेले पाहुण्यांचे कार्ड विचारायला विसरू नका. बासेलमध्ये त्यावर शहरातली बस-ट्राम मोफत, तिचिनोत तर सगळ्या प्रांतातली सार्वजनिक वाहतूक.

---

चाकोरी

आई-वडिलांसाठी युंगफ्राउयोख की टिटलिस?

---

बासेलकर

युंगफ्राउयोखचे स्टेशन ३,४५४ मीटरवर, टिटलिसचे ३,०२० मीटरवर. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर दोन्हींआधी डॉक्टरांना विचारा. त्यांच्यासाठी रिगी (१,८०० मीटरच्या आत) चांगली. चढण्याची घाई नाही, रेल्वे थेट माथ्यापर्यंत जाते आणि पास असेल तर खर्चही नाही. वर गेल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे बसू द्या, पाणी द्या, जिने हळू चढू द्या. डोके दुखणे किंवा मळमळ सुरू झाली तर गोळी देऊन थांबू नका, पुढच्या गाडीने खाली या.

तिकीट आदल्या दिवशी काढू नका. सकाळी उठल्यावर डोंगराचा थेट वेबकॅम बघा. खाली इंटरलाकेनला ऊन असताना वर ढगात काहीच दिसत नाही, आणि उलटही होते. जुलैमध्येही वर तापमान शून्याच्या आसपास असते. आईसाठी साडीवर स्वेटर पुरत नाही, वारा अडवणारे जाकीट आणि पकड असलेले बूट लागतात. बर्फावर चप्पल घालून उतरू नये.

---

चाकोरी

मनापासून धन्यवाद. शेवटचा प्रश्न : तिथून लिश्टेनश्टाइनच्या राजधानीला, वाडुझला जाऊन यावे म्हणतो. लिश्टेनश्टाइनसाठी वेगळे काही?

---

पायवाट

काही नाही. तोही शेंगेनमध्ये आहे (२०११ पासून), स्वित्झर्लंडशी १९२३ च्या करारानुसार सीमाशुल्क संघ आहे, चलन फ्रँकच. देशात महामार्ग नाही, म्हणून तिथे व्हिनेट लागत नाही. पण तिथपर्यंत स्विस ए-१३ वरून गेलात तर त्या रस्त्याची लागतेच. रेल्वेने झारगान्स किंवा बुक्सला उतरा, तिथून वाडुझची बस स्टेशनबाहेरच मिळते. फेल्डकिर्शमार्गे ऑस्ट्रियात उतरून म्युनिकला परतणार असाल तर ए-१४ वर चढण्याआधी ऑस्ट्रियाची व्हिनेट घ्या. एका दिवसाचीही मिळते.